अकरा किलो, पण कशाचे?

प्रिय धाकट्या,



दिवाळीत तू आलास तेव्हा सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. चार महिन्यांत अकरा किलो उतरवलेस! मीही केलं, अगदी मनापासून. बाबांचा मधुमेह आपण दोघांनी जवळून पाहिलाय, त्यामुळे पन्नाशीच्या आत तू हे मनावर घेतलंस याचं मला बरंच वाटलं. पण पंगतीतून उठताना तू जमिनीवर हात टेकलास. दुपारी भरलेला सिलिंडर सरकवायला भाच्याला हाक मारलीस. ते डोळ्यांसमोरून जात नाही. तिथेच बोलले असते तर तुझा विरस झाला असता, म्हणून आता लिहिते.

वजनकाटा फक्त आकडा सांगतो. गेलं ते चरबी होती की मांस, हे त्याला कळत नाही. एकवेळ जेवून आणि नुसतं चालून वजन उतरवलं, की चरबीबरोबर स्नायूही झडतात. उतरलेल्या वजनाचा साधारण पाव हिस्सा चरबीचा नसतोच. वयामुळे स्नायू तसेही कमी होत असतात, त्यात ही भर. शिवाय जेवणानंतर रक्तात येणारी साखर सामावून घेणारं सगळ्यांत मोठं कोठार म्हणजे स्नायू. आपल्या घराण्यात तेच घालवून कसं चालेल?

आपल्या लोकांची आणखी एक गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण सडपातळ दिसलो तरी आत चरबी जास्त आणि मांस कमी असू शकतं. आहे तेवढं मांस म्हणूनच जपायचं.

हे मी अनुभवाने सांगतेय. तीन वर्षांपूर्वी मीही उकडलेल्या भाज्या आणि सूप यांवर आठ किलो घटवले होते. त्यानंतर एका संध्याकाळी ओट्यावरचा मोठा कुकर उचलताना हात थरथरले, आणि मी तो तसाच खाली ठेवून स्टुलावर बसून राहिले. फार एकटं वाटलं होतं रे तेव्हा.

मग जेवणाची मांडणीच बदलली. पातळ आमटी म्हणजे प्रथिनं, हा आपला जुना समज. वाटीभर घट्ट वरणात सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. वजन उतरवताना किलोमागे रोज निदान १.२ ग्रॅम तरी हवेत असं जाणकार सांगतात. तुझ्या ७५ किलोंना नव्वद होतात. ती एकाच जेवणात कोंबू नकोस. सकाळी दोन अंडी नि दही, दुपारी घट्ट उसळ, संध्याकाळी मूठभर फुटाणे, रात्री पनीर किंवा चिकन. भूक मारायची नाही, भाताचा ढीग तेवढा आवर. त्याआधी मूत्रपिंडाची तपासणी मात्र करून घे, बाबांमुळे सांगते. आणि आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

पण नुसतं खाऊन स्नायू टिकत नाहीत, त्यांना काम लागतं. तालमीत कुणी वजन विचारत नाही, जोर किती मारतोस ते विचारतात. आठवड्यातून दोन-तीन दिवस बैठका, भिंतीला हात टेकून जोर, हातात डंबेल. दहा वेळा सहज जमू लागलं की वजन थोडं वाढवायचं. खरी मेख इथेच आहे. मी दोन किलोंपासून सुरुवात केली, आता आठचं डंबेल उचलते. आणि ‘आता या वयात काय’ असं म्हणू नकोस. १९९० साली बॉस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे पायांनी वजनं उचलून घेतली, तर त्यांच्या पायांतली ताकद दुपटीहून अधिक झाली. तू तर अजून अठ्ठेचाळीसचा आहेस.

एक कर. खुर्चीवर बस, हात छातीशी बांध आणि पाच वेळा उठून पूर्ण उभा राहा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर आशियाई तज्ज्ञांच्या निकषाप्रमाणे स्नायू तपासून घ्यायला हवेत. पुढच्या पत्रात वजन लिहू नकोस, हे सेकंद लिही. मी वाट पाहतेय.

तुझी,
ताई