दाखला

भोपाळच्या टी. टी. नगरातील दसरा मैदानावरून मी कित्येक वर्षे जात-येत आहे. मैदान रिकामे असले, तरी माझ्या डोळ्यांपुढे तेथे १९९७ सालच्या हिवाळ्यातला सर्कशीचा तंबू उभा राहतो आणि एक जुनी टोचणी जागी होते.

सर्कस ही आपल्या माणसाने या देशात रुजविली, याचा मला तरुणपणी मोठा अभिमान. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे ग्वाल्हेरीस राहून हद्दूखाँसाहेबांकडे गाणे आणि बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या शिकले. पुढे मुंबईस चिअरिनी या इटालियन गृहस्थाची सर्कस पाहून ते ईर्ष्येस पेटले आणि १८८० साली त्यांनी स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. गुरुपुत्र रहिमतखाँ विपन्नावस्थेत भटकत होते. त्यांना पंतांनी आपल्यापाशी आणून सांभाळले. वाघ-घोड्यांच्या तळावर तो अलौकिक स्वर! हीच सर्कस फिरत फिरत केरळात तलश्शेरीस गेली आणि तेथे कीलेरी कुंञिकण्णन यांनी १९०१ साली चक्क सर्कशीची शाळा काढली. हे सारे मी वर्गात रंगवून सांगत असे.

त्या वर्षी शाळेच्या प्रवेशाचे रजिस्टर माझ्या हाती होते. एके दिवशी दुपारी एक सावळे, किरकोळ अंगाचे गृहस्थ दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. मोडक्या हिंदीत म्हणाले, “साहब, महिनाभर बैठने दीजिए. पाँचवीं पास है.” मी टी.सी. मागितली. ती नव्हती. मागचा मुक्काम रायपूर, त्यामागचा नागपूर. कोणत्या शाळेने द्यावी? नियम दाखवून मी त्यांना परत धाडले. आवाज चढविला नाही, एवढेच काय ते माझ्या बाजूने सांगता येईल.

तीन आठवड्यांनी पुतण्यांच्या हट्टामुळे सर्कशीला गेलो. विदूषक रिंगणात लोळत होता, मुले हसून बेजार झाली होती. मग चकाकत्या पोशाखातली एक चिमुरडी दोरीवरून छत्री सावरीत चालत आली. खाली उतरल्यावर तिने प्रेक्षकांना सलाम केला आणि आमच्या रांगेकडे दृष्टी जाताच थबकून दोन्ही हात जोडले, शाळेतली मुले गुरुजींना जोडतात तसे. विदूषकानेही वळून पाहिले. रंगाच्या थराखालचा चेहरा मी तेव्हा ओळखला. पुढचे खेळ मला दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तंबूवर गेलो. कनातीमागे कपडे वाळत होते, स्टोव्हवर भात शिजत होता. “अब छह दिन बचे हैं, साहब,” वडील म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. मी म्हणालो, सहा तर सहा.

हजेरीपटात नाव न घालता ती सहा दिवस सहावीत बसली. अपूर्णांक तिला ठाऊक नव्हते. खेळाचे तिकीट पाव, अर्धे असे फाडून मी ते समजाविले, आणि दोन दिवसांत ती इतर मुलांच्या पुढे गेली. शेवटच्या दिवशी तिने हळूच विचारले, “सर, टी.सी. मिलेगी?”

आज हा प्रसंग उद्भवणार नाही. दाखल्यावाचून मुलाला अडवू नये, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यास मनाई केली. त्या दिवशी मात्र माझ्यापाशी शिक्का उमटविण्याजोगे काहीच नव्हते. कोऱ्या कागदावर मी लिहिले, की ही मुलगी माझ्या वर्गात सहा दिवस बसली, हिला अपूर्णांकांची बेरीज येते, हिला सहावीत घ्यावे. खाली सही केली. तिने कागदाची चौपदरी घडी घातली आणि कंपासपेटीत ठेवली.

सोमवारी मैदानावर खुंट्यांची भोके तेवढी उरली होती. तो कागद पुढच्या गावी कोणी वाचला की नाही, मला कळले नाही.