बोपदेव घाटांतील दिवे

पुण्याहून कोंढव्यावरून बोपदेव घाट चढून सायकलींवर सासवडास जाणारी आमची मंडळी पहांटे ४ वाजतां निघते. अंधारांत खरा प्रश्न दिव्यांचा. शिरस्त्राणावरील दिवा मान वळेल तिकडे वळतो, म्हणून वळणें दिसतात. परंतु डोळ्यांजवळूनच पडलेल्या प्रकाशांत खड्ड्याची सावली दिसत नाहीं. सबब खालीं, दांड्यावर, दुसरा दिवा हवाच. ४०० ल्यूमेन पुरे होतात. झोत मात्र रस्त्याकडे झुकलेला असावा. समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपले तर घात आपलाच! उतारावर वेगास प्रकाश पुरत नाहीं, तेथें वेगच आवरावा. पाठीमागें तांबडा दिवा, आणि सर्वांत सावकाश चढणाऱ्याच्याही मागें एक जाणता गडी. एवढी व्यवस्था असेल तरच वडीलधाऱ्यांनीं घरच्या मुलांस पाठवावें. सासवडास कऱ्हेकांठीं, संगमेश्वराच्या पायऱ्यांवर, उजाडतें.