लेकीचा गाईड

आमच्या घरात पीएच.डी. हा शब्द पहिल्यांदा आला तो थोरल्या लेकीमुळे. आम्ही दोघेही नवरा-बायको नरखेड तालुक्यात संत्र्याच्या तोडाईवर जाणारे मजूर. लेक समाजशास्त्रात एम.ए. झाली, प्रवेश परीक्षाही पास झाली. आम्हाला वाटले, झाले काम. पण गाईड मिळाल्याशिवाय पुढे काहीच होत नाही, हे तेव्हा कळले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहाय्यक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल, तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा कोणाकडे रिकामी आहे, हे आधी विचारावे लागते.

लेकीचा विषय ठरलेला होता. जुलै १९९१ मध्ये वर्धा नदीच्या पुराने आपल्या तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त झाले, दोनशेच्या वर माणसे गेली. पुढे गाव नव्या जागी वसले. पण ज्यांच्या नावे सातबारा नव्हता, त्या घरांचे पोट पुढे कशावर चालले? हा तिचा प्रश्न.

एक सर म्हणाले, "हा भावनेचा विषय आहे. माझा विषय घे, आजच सही देतो." नातेवाईक म्हणाले, घेऊन टाक सही. नोंदणी झाल्याशिवाय फेलोशिप नाही आणि घरात पैशाची निकड होती. आम्ही दोन रात्री विचार केला.

तेव्हा लेकीनेच सांगितले, बाबासाहेबांचे लंडनमधले गाईड प्रा. एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरचा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२३ साली निघाला. त्याला प्रस्तावना कॅनन यांचीच, आणि त्यात आपले मतभेदही त्यांनी मोकळेपणाने लिहिले. गाईडचे मत वेगळे असले तरी चालते, प्रश्न मात्र विद्यार्थ्याचाच असावा लागतो. आम्ही म्हटले, बाई, तू थांब. यंदा तोडाई संपली की आणखी कुठे मजुरी पाहू.

मग तिने आधी प्राध्यापकांचे छापील लेख वाचले. विस्थापितांवर लिहिणाऱ्या एका मॅडमना दोन पानांचे टिपण घेऊन भेटली. मॅडमनी होकाराआधी प्रश्नच विचारले. किती घरे? कोणत्या सालापर्यंत? पुनर्वसनाचे कागद कुठे मिळतील? आधीचे संशोधन काय सांगते? त्यांची उत्तरे शोधता शोधता आराखडा तयार झाला: उद्दिष्टे, गृहीतके, पूर्वसंशोधनाचा आढावा, मुलाखतींची पद्धत, प्रकरणांची मांडणी. चार वेळा तो नव्याने लिहिला. विषयही नेमका झाला, 'मोवाडमधील भूमिहीन कुटुंबांचे पुनर्वसन आणि उपजीविका'. मग मॅडमची सही मिळाली.

आता समितीपुढे मांडणी व्हायची आहे. तिथे काय होईल ते होवो. ज्यांची मुले या वाटेवर आहेत त्या आईबापांना आमचे एवढेच सांगणे, पोरांना सहीची घाई करायला लावू नका. आपल्या गावचा प्रश्न त्यांच्या हातून सुटू देऊ नका.