जोर लावण्याआधी

टोरांटोजवळच्या किंवा मिनिआपोलिसच्या एखाद्या उपनगरात जानेवारीत ड्राइव्हवे मोकळा करायचा, तर बर्फ उचलणं हे निम्मंच काम असतं. उरलेलं निम्मं म्हणजे तो टाकायचा कुठे. रस्त्यावर लोटून देण्याची सोय नाही. ऑन्टारियोत परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकणं कायद्यानेच मना आहे. शेजाऱ्याच्या गाडीवर उडवला तर कायद्यापर्यंत जावंच लागत नाही, बोलणं आपोआप बंद होतं. आणि वाऱ्याच्या तोंडावर फेकला तर तोच बर्फ भुकटी होऊन आपल्या चष्म्यावर परत येतो. म्हणून बर्फ उचलून लांब फेकणाऱ्या स्नोब्लोअरची खरी हुशारी पुढच्या दातेरी ऑगरमध्ये किंवा आत गरगरणाऱ्या इम्पेलरमध्ये नसून वरच्या वळत्या नळकांड्यात, म्हणजे च्यूटमध्ये आहे, असं माझं मत आहे. गंमत अशी की यंत्राच्या या एकाच भागाकडे ते अडकेपर्यंत कोणी बघत नाही, आणि अडकलं की सगळे एकच उपाय करतात: मुठीत जोर एकवटून च्यूट वळवायचा दांडा पिळतात. हा उपाय बहुतेक वेळा मूळ दुखण्यापेक्षा महागात पडतो, एवढंच मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

या यंत्राचा इतिहासही दिशेच्या प्रश्नाचाच आहे. टोरांटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. इलियट यांनी 1869 मध्ये रेल्वेसाठी फिरत्या बर्फफावड्याची कल्पना मांडली. ऑरेंजव्हिलच्या ऑरेंज जल यांनी ती पुढे नेली आणि 1880च्या दशकात रुळांवर बर्फ कापून दूर भिरकावणारी यंत्रं धावू लागली. रेल्वेला दोन्ही बाजूंना रान मोकळं होतं. शहरात तसं नव्हतं. क्वेबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी 1925 मध्ये ट्रकवर बसवलेलं आपलं यंत्र सिद्ध केलं आणि 1927 मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ गावाला पहिलं यंत्र विकलं. त्याचं महत्त्व वळवता येणाऱ्या च्यूटमध्ये होतं: बर्फ हवा तर लांब फेका, हवा तर शेजारून चालणाऱ्या ट्रकमध्ये भरा. दुतर्फा घरं असलेल्या चिंचोळ्या रस्त्यावर बर्फ नुसता बाजूला ढकलून भागत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे 1950च्या दशकात मागून चालत ढकलायची घरगुती यंत्रं आली तेव्हा तीच नळी लहान होऊन आली. आपल्याकडे भारतात झोजी ला खिंडीत सीमा सडक संघटनेची बर्फ कापणारी यंत्रं दरीच्या बाजूला पांढरा फवारा उडवताना दिसतात, त्यांचीही घडण मुळात हीच.

आता बिघाडाकडे. ‘च्यूट अडकली’ अशी तक्रार येते तेव्हा तिच्याखाली दोन अगदी वेगळे आजार असू शकतात. एक, नळी बर्फाने तुंबली आहे. दोन, नळी मोकळी आहे पण वळत नाही. पहिला हवामानाचा, दुसरा देखभालीचा. तापमान शून्याच्या आसपास असेल आणि बर्फ ओला, जड असेल, तर कणांभोवती पाण्याची बारीक साय असते; ती नळीच्या आतल्या पत्र्याला चिकटते, तिच्यावर पुढचा बर्फ बसतो आणि मिनिटाभरात नळीचा घसा बंद होतो. कडाक्याच्या थंडीतला कोरडा भुसभुशीत बर्फ असं करत नाही. सगळ्यात वाईट तो पालिकेच्या बर्फनांगराने ड्राइव्हवेच्या तोंडाशी रचून ठेवलेला ढीग: दाबलेला, मिठाचा, अर्धा चिखल. तिथे हावरटपणा न करता अर्ध्याच रुंदीचा घास घ्यायचा, पण इंजिन मात्र पूर्ण वेगाने चालू द्यायचं, म्हणजे बर्फ नळीत रेंगाळत नाही.

तुंबलेल्या नळीबाबत एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, कारण इथे प्रश्न यंत्राचा नसून बोटांचा आहे. हात घालायचा नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण अनेकांच्या मनात त्या नियमाला एक मूक पुरवणी जोडलेली असते: इंजिन चालू असताना. तीच घात करते. इम्पेलर बर्फात रुतून थांबलेला असतो तेव्हा पट्ट्यात आणि दांड्यात ताण अडकून राहू शकतो; इंजिन बंद केल्यावरही. समोरचा गोळा काढला की तो ताण सुटतो आणि पातं एखादा झटका मारतं. एक झटका पुरतो. अमेरिकेतल्या हाताच्या शल्यचिकित्सकांची संघटना दर हिवाळ्यात हाच इशारा देते. म्हणून क्रम असा: पकड सोडा, इंजिन बंद करा, सगळं थांबेपर्यंत वाट पाहा, स्पार्क प्लगची वायर काढा आणि मग यंत्राबरोबर मिळालेल्या प्लॅस्टिकच्या लांब फावडीने किंवा काठीने बर्फ उकरा. हातमोजा जाड आहे, हा युक्तिवाद नव्हे.

दुसरा आजार जास्त रंजक आहे. न वळणाऱ्या च्यूटच्या बुडाशी पत्र्याची एक गोल कड असते. ती इम्पेलरच्या कवचावरच्या गळपट्टीत बसते आणि खालून दोन-तीन पट्ट्या बोल्टने तिला धरून ठेवतात. वळवण्यासाठी हँडलपासून एक लांब दांडा येतो. त्याच्या टोकाला मळसूत्रासारखा वर्म गिअर, आणि तो च्यूटच्या कडेवरच्या खाचांत फिरतो. काही यंत्रांत दांड्याऐवजी केबल, महागड्या यंत्रांत छोटी मोटर. म्हणजे कुठेही अडकलं तरी मुठीला कळतं ते एकच: फिरत नाही. दुखणं गळपट्टीत आहे, खाचांत आहे, दांड्याच्या सांध्यात आहे की केबलच्या आवरणात गोठलेल्या पाण्यात आहे, हे मूठ सांगू शकत नाही. जोर लावल्याने आपल्याला काहीच नवं कळत नाही, फक्त साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा तुटतो, आणि तो कच्चा दुवा बहुधा निरपराध असतो. गंज गळपट्टीत, आणि मोडतो तो प्लॅस्टिकचा गिअर.

इथे याच यंत्रातला दुसरा भाग साक्षीला बोलावतो. ऑगरच्या दांड्यावर शिअर पिन नावाचा मुद्दाम मऊ ठेवलेला बोल्ट असतो. बर्फाखाली गोठून बसलेलं वर्तमानपत्र किंवा दगड ऑगरमध्ये गेला की तो बोल्ट कटतो आणि महागडा गिअरबॉक्स वाचतो. कुठे हार मानायची हे यंत्र घडवणाऱ्याने तिथे आधीच ठरवून ठेवलं आहे. (पिन वारंवार तुटते म्हणून वैतागून तिच्या जागी साधा कडक बोल्ट ठोकणारे गिअरबॉक्सची किंमत विचारायला दुकानात येतात, तेव्हा ते दृश्य बघण्यासारखं असतं.) हाताने फिरवायच्या च्यूटच्या मार्गावर मात्र असा ठरवून तुटणारा बोल्ट सहसा नसतो. तिथे कुठे थांबायचं हे ठरवणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे चालवणाऱ्याची मूठ. तीच जर हट्टाला पेटली, तर तिथली शिअर पिन कोण व्हायचं हे नशिबावर सोडलेलं असतं.

मग करायचं काय? इंजिन बंद, वायर काढलेली, आणि पहिलं काम म्हणजे दांडा च्यूटपासून सोडवणं. एखादी खिटी किंवा एक-दोन नट, इतकंच ते असतं. आता च्यूट बाहेरून धरून हाताने वळवून बघा. सहज वळली तर गळपट्टी निर्दोष. दोष दांडा, गिअर किंवा केबलचा. वळली नाही तर दांड्याला बोल लावू नका. या एका कृतीने निम्मं यंत्र संशयातून सुटतं. सोडवलेला दांडा मोकळा फिरतो का, गिअरचे दाते झिजलेत का, त्याचा आधार वाकून तो खाचांत फार खोल रुतला आहे का किंवा उलट खाचांपर्यंत पोचतच नाही, हे पाहायला मग डोळे पुरतात. आधाराच्या पट्टीला बहुधा लांबट भोक असतं. बोल्ट ढिला करून गिअर जरा पुढेमागे सरकवता येतो.

गळपट्टी उघडली की खरा इतिहास हाती लागतो. पट्ट्या काढून च्यूट उचलली की कडेवर तपकिरी रंगाचा चिकट लगदा दिसतो: जुनं ग्रीस, रस्त्यावरचं मीठ, वाळू आणि गंज यांचा. लाकडाच्या चिपटीने तो खरवडायचा, तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासायचं, उघड्या पत्र्यावर रंगाचा हात द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग थंडीत न गोठणारं ग्रीस पातळसं लावायचं. पट्ट्या परत बसवताना बोल्ट करकचून आवळण्याचा मोह आवरायचा. दुरुस्तीनंतर पहिल्यापेक्षा घट्ट झालेल्या च्यूटचं कारण पुष्कळदा हेच असतं: कड सरकायला फट हवी आणि ती आपणच मिटवलेली असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: बाहेर वादळ चालू आहे, आठ वाजता कामाला निघायचंय, खिटी काढत कोण बसणार? आक्षेप खोटा नाही. पण जोर लावून गिअर मोडला तर तो ऐन हंगामात मागवावा लागतो, आणि तोवर फावडं हातात येतं. शिवाय च्यूट एका दिशेला अडकलेली असली तरी ड्राइव्हवे साफ होऊ शकतो. दिशा सोयीची असेल तर प्रत्येक फेरी त्याच बाजूने सुरू करायची आणि रिकामं परत यायचं. वेळ जास्त लागतो, पण मोडतोड होत नाही. दुसरा आक्षेप फवाऱ्याच्या डबीचा: डब्ल्यूडी-40 मारा, मोकळी होते. होते, खरं आहे. ते द्रावण जन्मलंच मुळी पाणी हुसकावण्यासाठी, 1953 मध्ये सॅन डिएगोत. पण ते पातळ आहे, ग्रीससारखं टिकून राहत नाही. आणि खाली लगदा तसाच राहिला तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच. हंगाम निभावून नेण्याला माझी ना नाही, त्याला दुरुस्ती म्हणायला आहे.

तिसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष माणसाच्या मुठीचा कसा, दोष प्लॅस्टिकचा गिअर बसवणाऱ्या कंपन्यांचा. यात तथ्य आहे, आणि मोटरवर चालणारी च्यूट हे त्यावरचं उत्तर म्हणून विकलंही जातं. संधिवाताने मनगट धरलेल्या माणसासाठी ती चैन नाही, गरज आहे. पण मोटरमुळे गळपट्टीतला गंज थांबत नाही. फक्त तो हाताला जाणवेनासा होतो. आणि प्लॅस्टिकचा गिअर गंजत नाही, मोडला तरी स्वस्तात बदलतो, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. धातूचा असता तर पुढचा दांडा वाकला असता.

हाताला जाणवण्याचा मुद्दा इथे कळीचा आहे, कारण च्यूट एका दिवसात अडकत नाही. नव्या यंत्राची च्यूट दोन बोटांनी फिरते. काम संपलं की ऊबदार गराजमध्ये यंत्र ढकललं जातं, अंगावरचा बर्फ वितळतो, पाणी गळपट्टीच्या फटीत उतरतं, दुसऱ्या दिवशी बाहेर काढल्यावर गोठतं. मीठ आपलं काम करत राहतं. प्रत्येक हिवाळ्यात हात नकळत थोडा अधिक जोर लावायला शिकतो आणि तोच जोर त्याला नेहमीचा वाटू लागतो. इकडच्या मराठी घरांत हे यंत्र बहुधा अपार्टमेंट सोडून स्वतःचा ड्राइव्हवे पदरात पडल्यावर येतं. मुलं शाळेतून कॉलेजात जातात, पाठ कुरकुरू लागते, यंत्र तेच राहतं. शेवटी घर विकून लिफ्ट असलेल्या इमारतीत जायची वेळ येते तेव्हा ते नव्या मालकासाठी गराजमध्येच सोडलं जातं. नव्या मालकाला पहिल्या दिवसापासून घट्ट दांडा मिळतो. हे असंच असतं अशी त्याची समजूत होते. वीस वर्षांचं दुर्लक्ष अशा रीतीने एका मुठीतून दुसऱ्या मुठीत जातं, आणि तुटतं ते बिचाऱ्या तिसऱ्याच्या हातात.

म्हणून या दुरुस्तीचा खरा महिना जानेवारी नाही, एप्रिल आहे. शेवटचा बर्फ पडून गेला की टाकीतलं पेट्रोल संपवायला जसं यंत्र चालवतात, तशीच त्याच दुपारी गळपट्टी उघडून साफ करावी. तासाभराचं काम आहे. हिवाळ्यात प्रत्येक वेळी बर्फ संपल्यावर दोन मिनिटं ऑगर रिकामा फिरवावा आणि च्यूट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवून आणावी. बहुतेक माहितीपुस्तिकांत असंच काहीसं लिहिलेलं असतं, पण माहितीपुस्तिका हरवणं हाही या यंत्राच्या आयुष्यातला एक ठरलेला टप्पा. गिअरबॉक्स आणि इंजिन जरूर मेकॅनिककडे न्या. च्यूटसाठी मात्र एक पाना, तारेचा ब्रश आणि ग्रीसची एक डबी गराजमध्ये ठेवा, आणि यंदा दांडा गेल्या वर्षीपेक्षा जड वाटला तर तो पिळू नका, सोडवा.