केझारच्या मैदानावर

सॅन फ्रान्सिस्कोस जाणारा प्रवासी बहुधा तेथील तांबडा झुलता पूल पाहतो, चढउतारांच्या रस्त्यांवरून केबलगाडीत बसतो आणि कृतार्थ होऊन परततो. आम्हीही पहिले दोन दिवस हेच केले. तिसऱ्या दिवशी मात्र गोल्डन गेट उद्यानाच्या आग्नेय कोपऱ्यावरील केझार क्रीडांगणाची वाट धरली. सकाळचे धुके अद्याप उतरले नव्हते. धावपट्टीवर चारदोन मंडळी पळत होती आणि हिरवळीवर समुद्रपक्षी निःशंकपणे फिरत होते. येथे पाहण्यासारखे आहे तरी काय, असा प्रश्न आमच्या सोबत्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता; आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता. 1925 साली उभारलेले, सुमारे साठ हजार माणसांचे जुने केझार 1989 मध्ये पाडण्यात आले. आजचे क्रीडांगण त्याच जागी असले तरी पुष्कळच लहान आहे.

आम्ही आलो होतो ते 1951 सालच्या एका महाविद्यालयीन संघाच्या ओढीने. येथून वीसपंचवीस मिनिटांच्या चालीवर, टेकडीवर, सेंट इग्नेशियस देवालयाचे जुळे मनोरे दिसतात. त्यांच्या सावलीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ वसलेले आहे. 1855 साली ते जेझुइट पाद्र्यांनी स्थापिले. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या पंथाने 1869 मध्ये काढले, तोच हा पंथ. या विद्यापीठाचा ‘डॉन्स’ नावाचा फुटबॉल संघ आपले सामने केझारवर खेळे.

अमेरिकन फुटबॉल हे नाव ऐकून वाचकांनी आपल्याकडील खेळ डोळ्यांपुढे आणू नये. येथे चेंडू लांबोडका असतो आणि पायापेक्षा हातांचाच उपयोग अधिक. अकरा गडी चेंडू घेऊन पुढे सरकू पाहतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड सरले तर पुढची संधी, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. बाकी सारी झोंबाझोंबी. आम्हांस तर तो बुद्धिबळाचा डाव आणि कुस्तीचा आखाडा यांचा संकर वाटला.

महायुद्ध संपल्यावर सरकारी खर्चाने शिकावयास आलेल्या सैनिकांनी अमेरिकेतील महाविद्यालये भरून गेली होती. डॉन्सचा जिनो मार्चेटी हा असाच बेल्जियमच्या बर्फात जर्मनांशी लढून आलेला. प्रशिक्षक जो कुहारिच शिस्तीचा मोठा कडक. ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर हे दोन कृष्णवर्णी खेळाडू संघाचे भूषण होते. त्या हंगामात मॅटसनने 1,566 यार्ड धाव घेतली; देशात त्याहून अधिक कोणाचीच नव्हती. डॉन्सनी सॅन होजेस दोनदा नमविले, न्यूयॉर्कास जाऊन फोर्डहॅमवर 32–26 अशी मात केली, पॅसिफिकचा 47–14 असा धुव्वा उडविला आणि अखेरीस लोयोलास 20–2 असे हरविले. नऊ सामने, नऊ विजय.

अशा अजिंक्य संघास नववर्षाच्या सुमारास होणाऱ्या ‘बाउल’ नामक मानाच्या सामन्याचे निमंत्रण यावयास हवे होते. त्यात मानाइतकेच द्रव्यही होते, आणि विद्यापीठाचा फुटबॉल तोट्यात चालला होता. विचारणा झाली, पण अट अशी की मॅटसन आणि टोलर यांनी घरी राहावे. मायामीचा ऑरेंज बाउल दक्षिणेतला. गोऱ्यांबरोबर काळ्यांनी तेथे खेळणे अनेकांस खपत नव्हते. खेळाडूंपुढे गोष्ट आली, तेव्हा त्यांनी ती साफ धुडकावली. मते मोजावी लागली नाहीत. सांगताना मात्र जगास सांगण्यात आले की, डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते. 1952 च्या पहिल्या दिवशी ऑरेंज बाउलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर हे संघ खेळले. डॉन्स घरीच राहिले आणि त्याच हंगामाअखेर विद्यापीठाने आपला फुटबॉल बंद केला.

येथे बसल्या बसल्या आमचे मन पुण्याकडे गेले. पळवणकर बाळू यांच्या डावखुऱ्या गोलंदाजीने 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात 114 बळी घेतले. परंतु पुण्यात त्यांच्या हातचा चेंडू चाले, चहा मात्र मंडपाबाहेर मातीच्या निराळ्या भांड्यात मिळे. हिंदू संघाचे नायकत्व त्यांस अखेरपर्यंत लाभले नाही. 1923 साली ते त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. ते निराळे भांडे ठेवणारे हात आमच्यासारख्याच घरांतले होते. मायामीकरांस नावे ठेवताना आमची जीभ अडखळली, हे कबूल केले पाहिजे.

डॉन्सचे पुढे वाईट झाले नाही. मॅटसनने 1952 मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये एक रौप्य आणि एक कांस्य पदक मिळविले. तो, मार्चेटी आणि धिप्पाड बॉब सेंट क्लेअर असे तिघे व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात गेले. संघाची प्रसिद्धी सांभाळणारा तरुण पीट रोझेल 1960 पासून 1989 पर्यंत त्या व्यवसायाचा प्रमुखच होता. टोलरचे नशीब मात्र आडवे आले. 1952 मध्येच गुडघा दुखावला आणि त्याचे खेळणे संपले. तो शिक्षक झाला, पुढे शाळेचा मुख्याध्यापक. आणि 1965 पासून राष्ट्रीय व्यावसायिक फुटबॉलमधील पहिला कृष्णवर्णी पंच. 2009 मध्ये तो निवर्तला.

दुपारी आम्ही टेकडी चढून विद्यापीठात गेलो. तेथील एका वसतिगृहास पूर्वी जेम्स फेलन यांचे नाव होते. हे गृहस्थ शहराचे महापौर, पुढे सेनेटर. आणि कॅलिफोर्निया गोऱ्यांचीच राहावी, आशियातील लोक येथे नकोत, असा प्रचार करून 1920 ची निवडणूक लढलेले. विद्यार्थ्यांनी आग्रह धरला आणि 2017 मध्ये ते नाव उतरले. आता पाटीवर बर्ल टोलर यांचे नाव आहे. आम्ही गेलो तेव्हा दारातून पोरे पुस्तके घेऊन ये-जा करीत होती. त्यांत आपल्याकडच्या चेहऱ्याची दोघे-तिघे होती.