माझं मत राहिलं होतं

गेल्या सत्रात आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळानं एक फ्रेंच चित्रपट दाखवला. क्लोद शाब्रोल यांचा ‘क ला बेत मर’, म्हणजे ‘पशू मरो’; १९६९ सालचा. खाली इंग्रजी अक्षरं यायची आणि मी ओठ हलवत ती वाचेपर्यंत निघून जायची. आमच्या घरात इंग्रजी वाचणारा मी पहिलाच! पण सुरुवात कळायला अक्षरं लागली नाहीत. ब्रिटनी प्रांतातल्या समुद्रकिनाऱ्यावरून एक लहान मुलगा गावात परत येतो आणि चौकात एक काळी मोटार त्याला उडवून निघून जाते. थांबत नाही.

माझा दादा बाजारातून सायकलवर येत होता, तेव्हा असाच एक टेंपो थांबला नव्हता. मी सातवीत होतो. नंबर कुणी पाहिला नाही. पंचनामा झाला, चार माणसं येऊन बसून गेली, संपलं.

चित्रपटातला बाप शार्ल हा मुलांसाठी गोष्टी लिहिणारा लेखक. पोलिसांच्या हाती काही लागेना, तेव्हा तो वहीत लिहून ठेवतो की, त्या माणसाला शोधून ठार मारीन. एकदा त्याची गाडी चिखलात रुतते. तिथला शेतकरी सांगतो की, अपघाताच्या दिवशी इथंच आणखी एक मोटार रुतली होती आणि तीत एक नटी होती. शार्ल नाव बदलून त्या नटीशी ओळख करतो आणि तिच्या बहिणीच्या नवऱ्यापर्यंत पोचतो. हा पॉल. त्याचं स्वतःचंच गॅरेज, म्हणजे ठोकलेली गाडी घरच्या घरी दुरुस्त. इथं मी खुर्चीत पुढं सरकलो. दादा गेल्यावर मामाबरोबर मीही गॅरेजं पालथी घातली होती, पुढचा दिवा फुटलेला टेंपो शोधत. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी नंबर लिहून आणायचो.

नंतर चर्चा झाली. मागच्या बाकावरच्यांचं म्हणणं, मारामारी नाही, पाठलाग नाही, हा कसला सूडपट! एका मुलीचा मुद्दा मला पटला. पॉल भर जेवणात बायकोची कविता वाचून तिची टिंगल करतो, पोराला छळतो. दिग्दर्शकानं त्याला इतका नीच केलाय की मरणाची शिक्षा आपणच देऊन मोकळे होतो. एका सरांनी सांगितलं, मूळ कादंबरी इंग्रज कवी सेसिल डे-लुईस यांची, निकोलस ब्लेक या टोपणनावानं १९३८ साली लिहिलेली. आणि चित्रपटात जे ब्राम्सचं गाणं आहे त्याचा अर्थच असा की, पशूसारखंच माणसालाही मरण आहे.

पण खरा वाद पेटला तो शेवटावर. पॉल विष पोटात जाऊन मरतो. त्याचा पोरसवदा मुलगा फिलिप गुन्हा कबूल करतो. मग शार्ल चिठ्ठी लिहितो की, मारणारा मीच, आणि होडी घेऊन एकटाच समुद्रात जातो. खरं कोण बोलतं? हात वर करून मोजणी झाली. ‘शार्ल’वाले जास्त भरले. मी हात वर केलाच नाही. सरांनी विचारलं, “तुझं काय मत?” मी म्हणालो, “अक्षरं नीट वाचता आली नाहीत, सर.” सगळे हसले.

खोटं बोललो होतो. इतकी वर्षं मनातल्या मनात मी शार्लच होतो. त्या टेंपोवाल्याला एखादं पोर असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. फिलिप तर शार्ललाच बाप मानायला लागला होता. विष कुणीही घातलेलं असो, त्या पोराच्या हातापर्यंत ते शार्लच्या वहीनंच नेलं, असं मला वाटतं. हे तेव्हा बोललो असतो, तर दादाचंही सांगावं लागलं असतं.

दिवाळीच्या सुटीत आईला ही गोष्ट सांगितली. ती भाकऱ्या थापत होती. कुणी मारलं, हे तिनं विचारलंच नाही. म्हणाली, “आन् त्या पोराचं काय झालं?”

“ते दाखवलं नाही. होडी लांब जाते, तिथं संपतं.”

“आसं कसं संपतंय?” तिनं भाकरी उलटली. मग जरा वेळानं, माझ्याकडं न बघता, “तुझी ती नंबरांची वही हाय का रं आजून?”

आईला वाचता येत नाही. वहीबद्दल मी तिला कधी बोललो नव्हतो. मी “आहे” म्हणालो.