स्लाइड कोणी बनवायची?

सकाळच्या कसारा लोकलमधून खर्डीला उतरणाऱ्यांत शिक्षकांचा भरणा चांगला असतो. इथून पुढे कोणी दुचाकीने, कोणी वडापने आपापल्या पाड्यावरची शाळा गाठायची. गाडीत बसायला जागा मिळाली की अलीकडे फोनवर दिवसाचा पाठ तयार होतो. कॅनव्हावर साचा निवडायचा, रंग बदलायचे, पाड्यावर रेंज मिळेलच याचा भरवसा नाही म्हणून चित्रफीत आधीच उतरवून घ्यायची. ही मेहनत खरी आहे आणि तिला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी तो प्रवास करून पाहावा. पण या तासाभरात काय काय घडतं ते नीट पाहिलं पाहिजे. पाठातलं मुख्य काय हे ठरवावं लागतं, दहा वाक्यांतली आठ गाळावी लागतात, कशानंतर काय येईल हे लावावं लागतं, नेमकं चित्र हुडकावं लागतं. शिकणं म्हणतात ते हेच. म्हणजे शिकण्याचं निम्मं काम गाडीतच उरकलं, आणि ते केलं शिक्षकाने. वर्गातल्या मुलांपुढे येतो तो तयार माल. माझं म्हणणं एवढंच आहे की सादरीकरणाची ही सगळी साधनं शिक्षकाच्या हातातून मुलांच्या हातात गेली पाहिजेत. तसं झालं की विषयांची सांगड आपोआप बसते; नाही झालं तर कितीही चकचकीत साधन आणलं तरी फळ्याच्या जागी पडदा आला, एवढाच फरक उरतो.

पडद्यावरचा विश्वास जुना आहे. सिनेमा आल्यावर लवकरच शाळेतली पुस्तकं कालबाह्य होतील, असं एडिसनने 1913 मध्येच सांगितलं होतं. पॉवरपॉइंट 1987 मध्ये बाजारात आलं आणि सोळा वर्षांनी माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी त्यावर सणसणीत पुस्तिका लिहिली. त्यांचा मुख्य आक्षेप असा की मुद्द्यांच्या ठिपक्यांमध्ये कारण आणि परिणाम यांचा सांधाच निखळतो. शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं की चित्र चालू असताना तोंडाने जे सांगितलं जातं तेच वाक्य पडद्यावर लिहून ठेवलं तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळा होतो. आपल्या वर्गांत तर हा प्रकार सर्रास चालतो: स्लाइडवर वाक्य, शिक्षक ते वाचतो, मुलं त्याच्यामागून म्हणतात. दुसऱ्या बाजूला संगणकतज्ज्ञ सीमोर पॅपर्ट 1980 पासून सांगत होते की संगणकाने मुलाला चालवण्यापेक्षा मुलाने संगणक चालवावा. आपल्याकडे प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम 2015 मध्ये आला. त्या सुमारास आपल्याच शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा तिथले शिक्षक संदीप गुंड यांच्या कामामुळे राज्यभर माहीत झाली. सौरऊर्जा, टॅब, आदिवासी पाडा हे चित्र इतकं बोलकं होतं की ठिकठिकाणी ‘डिजिटल शाळा’ असे फलक झळकू लागले. पाष्टेपाड्याने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: पाड्यावर हे जमत नाही, हे म्हणणं खोटं आहे. मात्र शाळा पाहून परत जाणाऱ्याला टॅब मोजता येतात. त्या टॅबवर मूल नेमकं काय करतं हे कळायला वर्गात मांडी घालून बसावं लागतं. नकलेत टॅब आले, हे मांडी घालून बसणं पुष्कळ ठिकाणी राहून गेलं.

मुलांनी स्लाइड बनवायची म्हणजे काय, हे जवळून पाहू. विषय पाणी. या तालुक्याला तो शोधायला जावं लागत नाही. तानसा धरण 1892 पासून मुंबईला पाणी देतं आहे, मुंबईच्या रोजच्या पाण्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा आहे, आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. यावर शिक्षकाने सुंदर सादरीकरण केलं तर मुलं ‘जलसंवर्धनाचे महत्त्व’ लिहून मोकळी होतील. त्याऐवजी पाचवीच्या मुलांना टेप द्यायचा आणि विचारायचं: आपल्या वर्गाच्या छपरावर एका पावसाळ्यात किती पाणी पडतं? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, एवढं त्यांना सांगायचं. इथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. हिशेबाला दोन हजारच धरायचा. वर्ग आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद असेल तर 48 चौरस मीटर गुणिले दोन हजार, म्हणजे 96 हजार लिटर. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर साडेनऊच्या वर टँकर! इथे एक गंमत येते. छप्पर उतरतं असतं, तेव्हा काही मुलं उताराची लांबी मोजतात आणि उत्तर फुगतं. पाऊस छपराच्या उतारावर मोजायचा की त्याने झाकलेल्या जमिनीवर, हा वाद पाचवीतल्या मुलांना भूमितीच्या तासाला कधीच घालायला मिळाला नसता. मग एक स्लाइड: छपराचा फोटो, आपण काढलेला आकडा आणि एक प्रश्न. हे पाणी मे महिन्यापर्यंत ठेवायचं तर कुठे? यात गणित किती, भूगोल किती आणि नागरिकशास्त्र किती, ते वेगळं काढून दाखवणं शिक्षकालाही अवघड जाईल. आणि स्लाइडवर फक्त एक आकडा ठेवायचा असल्याने कोणता ठेवायचा यावर गटात भांडण होतं. ते भांडण हाच पाठ.

दुसरा नमुना शेवळांचा. पहिल्या पावसात रानात उगवणारी ही भाजी आदिवासी बायका जुड्या बांधून बाजारात आणतात. शेवळाबरोबर काकडं ही आंबट रानफळं घातली नाहीत तर घसा खवखवतो, हे इथल्या पोरांना पुस्तकाशिवाय माहीत असतं. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे येते, हे विज्ञानाने सांगायचं. शेवळं हा सुरणाच्या कुळातल्या झाडाचा फुलोरा, हे वनस्पतिशास्त्राने. पहिल्या आठवड्यातला भाव आणि शेवटच्या आठवड्यातला भाव यांचा स्तंभालेख गणिताने. पण भाजी कशी निवडायची, जून भाग कसा टाकायचा, हे आजीच सांगू शकते, आणि ती सांगणार ठाकरी, कातकरी किंवा वारली बोलीत. इथे फोन खरा उपयोगी पडतो. आजीचा आवाज तिच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून स्लाइडला जोडता येतो आणि खाली मुलांनी प्रमाण मराठीत दोन ओळी लिहायच्या. पाठ्यपुस्तकात ज्या बोलीला जागा नाही ती पडद्यावर सन्मानाने ऐकू येते, आणि एका भाषेतून दुसरीत आशय नेण्याचा सराव होतो, तोही वर्षानुवर्षं गप्प बसणाऱ्या मुलांकडून. साधन मात्र शिकणाऱ्याच्या गरजेमागून यावं, आणि म्हणून मला मुरबाड तालुक्यातलं फांगणे महत्त्वाचं वाटतं. शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 ला तिथे आजीबाईंची शाळा सुरू केली. तिथल्या आज्यांच्या गुलाबी नऊवारी साड्यांचे फोटो जगभर गेले. आज्या पाटीवर शिकल्या, पडद्याची गरज लागली नाही. स्वतःची सही करायची, पोथी वाचायची, ही गरज त्यांची होती.

विषय एकमेकांत गुंफणं ही काही नवी आयात नाही. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तो आग्रह आहे, पण याच जिल्ह्याने (पालघर वेगळा व्हायच्या आधीच्या ठाण्याने) तो फार पूर्वी पाहिला आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत काम सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवलं. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. पाला, बिया, दगड ही तिथली साधनं. वेळापत्रकातले तास कुरणावर कोण पाळणार? आणि आजही द्विशिक्षकी शाळेत एकच शिक्षक मराठीपासून परिसर अभ्यासापर्यंत सगळं शिकवतो. शहरातल्या शाळेत ज्यासाठी चार विषयशिक्षकांची बैठक घ्यावी लागते ते इथे एकाच डोक्यात असतं. आपण याला अडचण म्हणत आलो. मला ती उलट सोय वाटते.

आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिला वेळेचा: यू-डायसची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, रोज एखादा नवा तक्ता, त्यात संकलित मूल्यमापन डोक्यावर; छपरं मोजायला सवड कोणाला? खरं आहे. पण शिक्षक स्लाइड बनवण्यात घालवतो तो वेळ यातून वाचतो, आणि क्षेत्रफळ, एककं, गुणाकार हे अभ्यासक्रमातलंच आहे. वर्षभर हे चालवा, असं माझं म्हणणंही नाही. सत्राला दोन विषय पुरेत. दुसरा आक्षेप साधनांचा: वीज जाते, टॅब बंद पडून कपाटात जातात. म्हणून तर तीस टॅबपेक्षा एक चालू फोन बरा. चार गटांना एक फोन असला की कागदावर आधी आराखडा करावाच लागतो, आणि कागदावर केलेला विचार स्क्रीनवरच्यापेक्षा बहुधा सरस निघतो. तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: मुलं साच्यात अडकतात. हिरवी पाटी, उडणारी अक्षरं, इंटरनेटवरचं परदेशी शेत. यावर उपाय कठोर आहे. बाहेरचं एकही चित्र वापरायचं नाही. फोटो मुलांनी काढलेला किंवा चित्र हाताने काढलेलं, आवाज गावातला, आकडा स्वतः मोजलेला. स्लाइड ओबडधोबड दिसेल. पाहुण्यांना दाखवायला ती चालणार नाही, आणि तालुक्याच्या स्पर्धेत तर मुळीच नाही. तिथे गुण मिळतात ते शिक्षकाने रात्री बसून सजवलेल्या सादरीकरणाला.

माध्यमिक शाळेत गोष्ट अवघड होते हे मान्यच. तिथे विज्ञानाचा तास विज्ञानवाल्याचा आणि भूगोलाचा भूगोलवाल्याचा, आणि दहावीचा निकाल सगळ्यांवर टांगलेला. तिथे निदान आठवीपासून सुरुवात करता येते आणि दोन शिक्षकांनी सलग आलेले दोन तास एकमेकांना उसने द्यावेत, इतपत पुरतं. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही, मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की झालं. प्राथमिकला तर क्रम बदलण्याची मोकळीक आहेच. वनस्पतींचा धडा पुस्तकात मागे असेल, पण शेवळं काही तोपर्यंत थांबत नाहीत. शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि शेवळांचा हंगाम थोड्या दिवसांचा असतो, तेव्हा शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातच मुलांना फोन घेऊन बाजारात आणि आजीकडे पाठवावं लागेल. प्रवेशोत्सवाची रांगोळी आणि फुगे त्याच आठवड्यात असतात, पण ते पहिल्या दिवशीच उरकतात.